डबल बेल

सोमनाथचा प्रश्न रोजचा झाला होता. दुसरा अंक जरा रंगात आला की तो मध्येच थांबायचा, गळ्यातला तिकिटांचा पत्र्याचा ट्रे सरळ करायचा आणि विचारायचा, की मॅडम, मला तो म्हातारा दिसलाय की नाही दिसला?

करुणा वाहूळचं उत्तरही ठरलेलं होतं. नाटकात ते सांगितलेलं नाही, म्हणून ते तुलाही माहीत नाही. सोमनाथ मान हलवायचा. पतसंस्थेत नोकरी करणारा, गोड आवाजाचा, सरळ मनाचा माणूस होता तो. पण पुढच्या वाक्याला पुन्हा अडायचा. दिसला असेल तर चेहरा एक, नसेल दिसला तर दुसरा, आणि दोन्ही चेहरे एकदम कसे ठेवायचे ते तुम्हीच करून दाखवा, म्हणायचा. करुणाला ते करून दाखवता येत नव्हतं. ती लिहिणारी आणि बसवणारी. अभिनय तिला कधी जमला नव्हता. ती चिडून चहा मागवायची आणि त्या दिवशीची तालीम तिथंच संपायची.

ती कॉलेजात मराठी शिकवायची. हसू आणि रडू जिथं एकमेकांत मिसळतं अशा नाटकांबद्दल दरवर्षी वर्गात तळमळून बोलायची. चांगला कोण आणि वाईट कोण याचा निकाल नाटककारानं देऊ नये, असं सांगायची. मुलं ते उतरवून घ्यायची आणि परीक्षेत ‘नायक स्वभावाने चांगला आहे’ असं लिहून मोकळी व्हायची. या वर्षी हौशी नाट्यस्पर्धेसाठी तिनं स्वतःच तसं नाटक लिहिलं होतं. नाव होतं ‘डबल बेल’, आणि त्यातली गोष्ट तिच्या वडिलांची होती.

अप्पाराव वाहूळ एसटीत कंडक्टर होते. करुणा लहान होती तेव्हा ते पिशोर-कन्नड गाडीवर असायचे. एका संध्याकाळी पिशोरहून सुटलेल्या त्यांच्या गाडीत एक मुलगी आणि एक मुलगा चढले. मुलगी गावातल्या मोठ्या जमीनदार घरची, मुलगा बौद्ध वस्तीतला, आणि दोघं पळून निघाले होते. गाडी तुडुंब भरलेली होती. मुलीला मेथीच्या गाठोड्यांमागं बसवून एका बाईनं तिच्यावर स्वतःचा पदर टाकला. लग्नाहून परतणारा ताशेवाल्यांचा ताफा मागच्या बाकावर होता. त्यांनी मुलाच्या गळ्यात ताशा अडकवून त्याला आपल्यात घेतलं. पुढच्या फाट्यावर मुलीचे तिघं भाऊ काठ्या घेऊन उभे होते. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल. फाटा जवळ आला तसा ड्रायव्हरनं वेग कमी केला, आणि अप्पारावांनी दोरी दोनदा ओढली. डबल बेल. ड्रायव्हरनं काही न विचारता गाडी दामटली. भाऊ काठ्या उगारून मागं पळू लागले. एकाचं धोतर सुटलं. आणि मागच्या काचेतून ते पाहून ताशेवाल्यांना वाटलं, वऱ्हाडातली माणसं गाडी चुकली म्हणून पळताहेत. त्यांनी जोरात ताशा लावला.

ही गोष्ट अप्पारावांनी घरी, विहाराच्या कट्ट्यावर, सोयऱ्यांच्या लग्नात कितीदा तरी सांगितली होती. सांगताना ते तोंडानं ताशा वाजवायचे. गाडी कन्नडला पोचली आणि पोरगा-पोरगी मुक्कामाच्या गाडीत बसले, इथं गोष्ट संपायची.

ती तिथं संपत नाही, हे करुणाला दोन वर्षांपूर्वी कळलं. त्या गाडीचे ड्रायव्हर शेषराव आजारी होते म्हणून ती वडिलांबरोबर त्यांना भेटायला गेली होती. अप्पाराव औषध आणायला खाली उतरले तेव्हा शेषराव आपणहून बोलले. म्हणाले, लई मजेची गोष्ट होती बाई, तेवढा म्हातारा गेला नसता तर. त्याच फाट्यावर बद्रीनाथ नावाचे एक आजारी शेतकरी आणि त्यांची तरणी मुलगी त्या गाडीची वाट पाहत बसले होते. छातीत दुखत होतं म्हणून त्यांना कन्नडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. ती दिवसाची शेवटची गाडी. पहाट व्हायच्या आत ते गेले. पुढं फाट्याच्या गावात म्हणायला लागले, की वाहूळ कंडक्टरनं आपल्या समाजाच्या पोराला वाचवलं आणि आमच्या म्हाताऱ्याला मरू दिलं. अप्पारावांनी दुसऱ्या मार्गावर बदली मागून घेतली. शेषराव एवढं बोलले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. महिन्याभरात तेही गेले.

अप्पारावांना फाट्यावरचे ते बाप-लेक दिसले होते का, हे करुणानं शेषरावांना विचारलं नव्हतं. वडिलांना तर नाहीच नाही. तिनं त्यावर नाटक लिहिलं. पहिला अंक गाडीतला, दुसरा फाट्यावरचा.

आता नाटकातला सगळा ताफा तिच्या मागं लागला होता. विश्वजीत हा मंडळाचा अध्यक्ष. त्याचं शहागंजात पडद्याच्या कापडाचं दुकान होतं आणि वरच्या माडीवर तालीम चालायची. त्याचं म्हणणं, पहिला अंक हिट आहे, दुसऱ्यानं माणूस घरी जाताना खट्टू होतो. निदान कंडक्टर चुकला तरी म्हणा, नाहीतर बरोबर होता तरी म्हणा. म्हाताऱ्याच्या मुलीचं काम करणारी रूपा म्हणायची, की मला त्या कंडक्टरचा राग यायला हवा की नको ते सांगा, मी तसा आवाज लावते. करुणा समजावून थकली. या माणसानं एकाच हातानं दोघांना जगवलं आणि एकाला मारलं, आणि हात तर एकच होता, एवढं साधं यांना कसं कळत नाही? मग ती रिक्षानं सिडकोत घरी यायची, तर दारातच अप्पाराव उत्सुकतेनं विचारायचे, "ताशाचं झालं का आज? धोतर सुटायचं ठेवलं ना?"

ठेवलं, असं ती सांगायची. दुसऱ्या अंकाबद्दल ती बोललीच नव्हती. आज सांगू, उद्या सांगू, करता करता प्रयोग आठवड्यावर आला. कट्ट्यावरच्या सगळ्यांना अप्पारावांनी आमंत्रण देऊन ठेवलं होतं. त्यांना तो अंक अचानक बसून पाहायला लागणार होता आणि हे आपण मुद्दाम करतो आहोत की भीतीपोटी, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. त्याचा तिला जास्त राग यायचा, आणि तो ती सोमनाथवर काढायची.

शेवटच्या तालमीला विश्वजीतनं करुणाला बाजूला घेतलं. मग म्हणाला, की रागवू नका, पण मी परस्पर अप्पांनाच फोन केला. सरळ विचारलं, काका, तुम्हाला तो म्हातारा दिसला होता का? म्हणजे एकदाचा प्रश्न मिटेल.

करुणानं कप खाली ठेवला. ते काय म्हणाले, असं तिनं विचारलं.

"काही नाही. मग म्हणाले, नाटकाला तिकीट आहे का? म्हटलं, नाही काका, स्पर्धेला नसतं. तर म्हणाले, बरं. आणि ठेवला."

त्या संध्याकाळी ती घाबरतच घरी गेली. अप्पाराव गॅलरीत पेपर वाचत बसले होते. जेवताना फक्त म्हणाले, की प्रयोगाला एक पाहुणी येईल पाचोडहून, तिला पुढची खुर्ची ठेव. कोण, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, आहे ओळखीची.

प्रयोग सकाळच्या सत्रात होता. नाट्यगृह अर्ध्याहून जास्त भरलं होतं, सकाळच्या मानानं पुष्कळच. पहिला अंक उत्तम गेला. ताशा सुरू झाला तेव्हा लोक अक्षरशः लोळले. विंगेत उभ्या करुणाला, किती दिवसांनी, जरा बरं वाटलं. मध्यंतरात ती बाहेर आली. अप्पाराव पांढरा शर्ट घालून पुढच्या दाराशी उभे होते आणि त्यांच्या शेजारी पन्नाशी ओलांडलेली, हिरव्या नऊवारीतली एक काळीसावळी बाई होती. ती अजून पदरानं डोळे पुसत होती, हसून हसून पाणी आलेले.

"ही भागूबाई," अप्पाराव म्हणाले. "बद्रीनाथची पोरगी. त्या दिवशी फाट्यावर हीच होती. फाट्याच्या गावातून नंबर काढला हिचा."

भागूबाईंनी तिचा हात हातात घेतला. त्या म्हणाल्या, की लई हसले बाई, तो धोतराचा माणूस तर हुबेहूब. पुढं म्हणाल्या, "ताशा आम्हाला बी ऐकू येत होता. गाडी गेल्यावर बी लई वेळ ऐकू येत होता. बापू म्हनले, कुनाचं लगीन हाय गं?"

करुणानं कसंबसं सांगितलं, की आता पुढं जे आहे ते तुम्ही पाहू नका, मी तुम्हाला बाहेर बसवते. भागूबाई म्हणाल्या, की त्यासाठीच तर आले. या भाऊंनी फोनवर सांगितलंय सगळं. घंटा झाली. अप्पाराव पुढं झाले आणि त्या त्यांच्यामागून आत गेल्या.

करुणा विंगेत धावली आणि विश्वजीतला म्हणाली, की दुसरा अंक रद्द कर. त्यानं तिच्याकडं वेड लागल्यासारखं पाहिलं. इतके महिने तिनं याच अंकासाठी सगळ्यांशी भांडण मांडलं होतं. काही कारण आहे, एवढंच ती म्हणू शकली. तोवर पडदा वर गेला होता.

फाट्यावर रूपा आणि म्हातारा. रूपानं बापाची घोंगडी सावरली, लांबून गाडीचा आवाज आला, तिनं हात वर केला. दुसऱ्या बाजूला उजेडात सोमनाथ, हात दोरीवर. करुणानं लिहिलं होतं, की त्यानं दोनदा दोरी ओढायची, प्रेक्षकांकडं पाहायचं, आणि अंधार. सोमनाथनं दोरी ओढली. प्रेक्षकांकडं पाहिलं. आणि अंधार व्हायच्या आत तो गुडघ्यावर कोसळला आणि ओरडला, "मला दिसला नाही हो! आईची शपथ, मला दिसला नाही!"

हे वाक्य नाटकात कुठंच नव्हतं. कोसळताना ट्रेचा पट्टा तुटला, ट्रे जमिनीवर आपटला आणि रंगीत तिकिटं रंगमंचभर उडाली. एक सोमनाथच्या कपाळाला चिकटलं. प्रेक्षागृहात आधी एकजण फिस्सकन हसला, मग चारजण, मग सगळेच. सोमनाथ रडत होता आणि लोक हसत होते. प्रकाशवाला गोंधळला आणि त्यानं अंधार करायला उशीर केला. पडदा पडला तेव्हा टाळ्याही भरपूर पडल्या.

करुणानं सोमनाथला गाठलं आणि मनात साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. तुला कुणी सांगितलं होतं, की निकाल तू दे? तो अजून हुंदके देत होता. म्हणाला, "मॅडम, मला नाही सहन झालं. इतके दिवस मी त्या माणसात राहतोय. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी वाईट नाही." तिला त्याला अजून बोलायचं होतं, पण त्याच्या कपाळावर ते तिकीट तसंच होतं. तिनं ते काढलं आणि बाहेर निघून गेली.

बाहेर ऊन तापलं होतं. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर सावलीच्या बाजूला अप्पाराव आणि भागूबाई बसले होते. करुणा त्यांच्या मागं दोन पायऱ्या वर येऊन थांबली. दोघांनाही ती आलेली कळली, पण कुणी वळून पाहिलं नाही.

भागूबाई म्हणाल्या, "तो नाटकातला म्हनतो, दिसले नाय. तुमचं खरं काय, भाऊ?"

अप्पारावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दिसले होते," ते म्हणाले. "बापू बसलेले होते घोंगडी घेऊन. तू उभी होती. तू हात वर केला होता. मी पाहिलं आन् डबल दिली. ते तिघं गाडीत चढले असते तर पोराला जितं सोडलं नसतं, म्हनून दिली. पन तू दिसली होती मला."

भागूबाई हळूहळू बोलायला लागल्या. त्या दिवशी घोंगडी वाऱ्यानं सारखी उडत होती, ती धरता धरता गाडी समोर आली. हात केला की नाही, हे त्यांना नंतर नीट आठवेनाच. आई मरेपर्यंत म्हणत होती, की तू हात केला असता तर गाडी थांबली असती. नवरा भांडणात म्हणायचा. आता सूनही कधी कधी म्हणते. काठ्या घेतलेल्यांमुळं गाडी थांबली नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी बोल मात्र त्यांच्या हाताला लागत आला.

"म्हंजे केला होता मी हात," त्या म्हणाल्या.

"व्हय. केला होता."

"बरं." त्या उठल्या, पिशवी घेतली, पदर नीट केला. "तुम्हाला माफ-बिफ काय मी करनार नाय, भाऊ. ते माझ्या हातात नाय. बापूचं बापूपाशी." अप्पाराव म्हणाले, की तसं नकोच. त्यांनी घरी जेवून जा म्हटलं. भागूबाई नको म्हणाल्या. संध्याकाळच्या आत पाचोड गाठायचं होतं. करुणा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेली. जाताना त्या रूपाचं कौतुक करत होत्या, की पोरीनं हात अगदी सरळ केला, लई झाक केलं.

करुणा आणि अप्पाराव घरी आले. जेवण झालं, अप्पाराव गॅलरीतल्या खुर्चीत टेकले, आणि मग ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ती गोष्ट ताशा वाजवून सांगत राहिलात, असं म्हणाली. ती रडवेली झाली होती. त्यांनी पाहिलं होतं, हे ऐकल्यापासून तिला त्यांचा राग येत होता, आणि तरी कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. निदान एक उत्तर मिळालं होतं.

अप्पाराव खुर्चीत सरळ बसले. "मी कुठं पाहिलं?" ते म्हणाले. "मी मागं होतो, ताशेवाल्यापाशी. तो पोरगा दारातून उडी मारायला लागला होता भेवून, त्याला धरून ठेवला होता. एका हातात त्याची कॉलर अन् एका हातात दोरी. काठ्या दिसल्या तेवढ्या. फाट्यावर दुसरं कोन होतं, मला काय ठाव."

"मग तिला का तसं सांगितलंत?"

"तिनं फोनवर पहिलं तेच विचारलं. तुमी गाडी का नाय थांबवली, काय नाय विचारलं. म्हनली, मी हात केला होता का, तेवढं सांगा. म्हनलं, नाटकाला ये, तिथं सांगतो."

म्हणजे तुम्ही तिला खोटं सांगितलं, असं करुणा म्हणाली. अप्पाराव म्हणाले, तू खोटं म्हणती तर खोटं. मग तिच्या लक्षात आलं, की हे असं धरून चालायलाही आधार नाही. कदाचित ते तिला खरं बोलले असतील आणि आता मुलीसमोर खोटं बोलत असतील. घोंगडी, बसलेला म्हातारा, उभी मुलगी, वर केलेला हात. हे सगळं त्यांनी आजच नाटकात पाहिलं होतं, किंवा पस्तीस वर्षांपूर्वी फाट्यावर. तिनं त्यांना पुन्हा विचारलं. आपल्या दोघांतच राहील, पण एकदा काय ते नीट सांगा. आवाज चढला होता.

"कालपरवापर्यंत तर तू त्या सोमनाथला म्हनत होती, की असं विचारायचं नसतं," अप्पाराव म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते, थकले होते. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांना खरंच झोप लागली आणि करुणा तिथंच बसून राहिली, त्यांना हलवून उठवावं असं वाटत.

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. नाटकाला दुसरं आणि सोमनाथला अभिनयाचं पहिलं पारितोषिक मिळालं. कंडक्टरचं निर्दोषपण शेवटच्या क्षणी प्रभावीपणे मांडलं, असं परीक्षकांनी आवर्जून लिहिलं होतं. तिकिटं उडण्याची कल्पना दिग्दर्शकाची कल्पकता म्हणून नावाजली होती. विश्वजीतनं माडीवर पेढे वाटले. अंतिम फेरीला ट्रेचा पट्टा आधीच अर्धा कापून ठेवायचा, म्हणजे तो वेळेवर तुटेल, असं सर्वांनी मिळून ठरवलं. करुणा म्हणाली, की ते वाक्य काढल्याशिवाय मी येणार नाही. सोमनाथनं हात जोडले. शेवटी ती गेली नाही, आणि नाटक अंतिम फेरीत तसंच झालं. तिथं ते कुठंच आलं नाही.

त्यानंतरही भागूबाई तिच्या डोक्यातून जात नव्हत्या. त्या बाईला एक वाक्य देऊन आपण परत पाठवलं आणि ते खरं आहे की नाही हे देणाऱ्याच्या मुलीलाही माहीत नाही, हे तिला सारखं टोचायचं. ज्याचं दुःख आहे त्याला खरं कळायलाच पाहिजे, असं तिनं वर्गात कितीदा सांगितलं होतं. एका दुपारी कॉलेजातून सुटल्यावर तिनं अप्पारावांच्या फोनमधून घेतलेला नंबर लावला.

भागूबाई शेतात होत्या. मागं बायकांचे आवाज येत होते. त्यांनी लगेच ओळखलं. बोलत सुटल्या. कापसात तण लई झालंय, म्हणाल्या. मग म्हणाल्या, की परवा सुनेनं पुन्हा तेच काढलं, तर तिला म्हटलं, गप बस, कंडक्टरनं सोता सांगितलंय, मी हात केला होता. सून काहीच बोलली नाही. नवऱ्यालाही सांगितलं. तो उठून गोठ्यात निघून गेला.

"तुमी कशाला फोन केला होता, बाई?"

करुणा रस्त्याच्या कडेला उभी होती. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तिनं वाक्य तयार करून आणलं होतं, चांगलं, मऊ, कुणाला दोष न देणारं. ते तोंडातच राहिलं.

"नीट पोचलात का त्या दिवशी, विचारायला," ती म्हणाली.

"कवाच पोचले की," भागूबाई म्हणाल्या, आणि हसल्या.

करुणानं फोन ठेवला. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तेव्हा ती त्याच्यावर उगीचच खेकसली, आणि मग त्याच रिक्षात बसली.